प्रेम, आजार आणि नक्षत्रांचा दोष

चौदा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग इंग्रजी वाङ्मयात गेल्या पन्नास-साठ वर्षांत चांगलाच स्थिरावला आहे. मराठीत त्याला कोणी कुमार साहित्य म्हणतात, कोणी किशोर साहित्य; एकच एक नाव अजून रुळलेले नाही. या वर्गाची एक शाखा अशी की, तिच्यातील नायक-नायिका शाळेच्या शेवटच्या इयत्तांत असतात, एकमेकांवर त्यांचे मन जडते, आणि दोघांपैकी एकाला, क्वचित दोघांनाही, जिवावरचा आजार असतो. शेवट काय व्हावयाचा हे बहुधा पहिल्या प्रकरणातच कळून चुकते. तरीही मुले-मुली ही पुस्तके मिळवून वाचतात, रडतात आणि वाचून झाली की मैत्रिणीच्या हाती देतात. २०१३ सालच्या जानेवारीत लंडनच्या एका मोठ्या खपाच्या दैनिकाने या शाखेचा उल्लेख ‘रुग्ण-वाङ्मय’ अशा अर्थाच्या हेटाळणीच्या नावाने करून पालकांना सावध केले होते. कोवळ्या मनांच्या हळवेपणावर हा व्यापार चालला आहे, असा त्या लेखाचा सूर होता.

आरोप अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. अश्रूंवर पैसा मिळविण्याची कला फार जुनी आहे आणि या शाखेतील पुष्कळ पुस्तके त्याच कलेवर उभी आहेत. परंतु मुलांनी दुःखाचे वाचावे की वाचू नये, हा वाद फारसा फलदायी नाही. दुःखाचे वाचल्यावाचून कोणतीच पिढी मोठी झालेली नाही. पाहावयाचे ते एवढेच की, ही पुस्तके मुलांना आजाराविषयी खरे सांगतात की खोटे. आणि एखादे माणूस ऐन उमेदीत का मेले, या प्रश्नाला ती काय उत्तर देतात.

प्रेम आणि रोग यांची सांगड काही इंग्रजांनी प्रथम घातली नाही. क्षयाला आपल्याकडे राजयक्ष्मा हे नाव मिळाले तेच मुळी एका प्रेमकथेतून. सत्तावीस नक्षत्रे या दक्षाच्या कन्या. त्या सर्व चंद्राला दिलेल्या. परंतु चंद्र रमला तो एकट्या रोहिणीत. इतर मुलींनी पित्याकडे गाऱ्हाणे नेले, दक्ष कोपला, आणि त्या कोपातून चंद्राला यक्ष्म्याने ग्रासले. नक्षत्रांच्या राजाला झालेला रोग म्हणून तो राजयक्ष्मा. चरकसंहितेत अश्विनीकुमार त्याच्यावर उपचार करतात. महाभारतात प्रभासतीर्थी स्नान केल्यावर त्याला उतार पडतो, तोही अर्धाच, आणि म्हणून चंद्र आजही पंधरा दिवस झिजतो व पंधरा दिवस भरतो. कथा सुंदर आहे. रोगाचे कारण मात्र ती रोग्याच्या प्रेमातच शोधते, हे ध्यानात ठेवावयास हवे. युरोपातील लेखकांनी पुढे जे केले ते याहून फारसे वेगळे नव्हते.

१८४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये मारी द्युप्लेसी नावाची तरुणी क्षयाने वारली. तिचे वय तेवीस वर्षांचे होते. तिच्या सहवासात काही काळ काढलेल्या धाकट्या अलेक्झांद्र द्यूमाने पुढल्याच वर्षी तिच्यावरून एक कादंबरी लिहिली, तिचे नाटक केले, आणि त्या नाटकावरून व्हेर्दी या इटालियन संगीतकाराने रचलेली ‘ला त्राव्हियाता’ ही संगीतिका १८५३ मध्ये व्हेनिसच्या रंगभूमीवर आली. तेव्हापासून खोकणारी, फिकट होत जाणारी, डोळ्यांत विलक्षण चमक असलेली नायिका जगभर मरत आली आहे. त्या काळी क्षय हा संवेदनशील माणसांचा रोग आहे, तो शरीर जाळतो व आत्मा उजळतो, अशी सुशिक्षितांचीही समजूत होती. वास्तविक तो दाट वस्तीचा, कोंदट खोल्यांचा आणि अपुऱ्या अन्नाचा रोग होता. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख याने बर्लिनमध्ये क्षयाचे जंतू दाखवून दिले आणि त्या समजुतीचा पाया खचला. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ मध्ये हाती आले. पुढल्या दहा वर्षांत दोन-तीन औषधे एकत्र देऊन क्षय बरा करता येऊ लागला. मद्रास येथील प्रयोगाने तर १९५९ साली असे सिद्ध केले की, घरी राहून नियमाने औषध घेणारा रोगी सॅनेटोरियममधील रोग्याइतकाच बरा होतो. डोंगरावरची शुद्ध हवा, लांबलचक व्हरांडे आणि खुर्चीत पहुडलेली नायिका यांची गरजच संपली. औषध निघालेला रोग प्रेमकथेच्या कामाचा राहात नाही.

क्षयाची रिकामी झालेली जागा रक्ताच्या कर्करोगाने भरून काढली. येल विद्यापीठात प्राचीन ग्रीक-लॅटिन वाङ्मय शिकविणाऱ्या एरिक सीगल यांची ‘लव्ह स्टोरी’ ही छोटीशी कादंबरी १९७० च्या फेब्रुवारीत निघाली, त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा चित्रपट आला, आणि अमेरिकेत तिने खपाचे उच्चांक मोडले. एका प्रतिष्ठित पारितोषिकासाठी तिचे नाव पुढे आले तेव्हा परीक्षकांनी राजीनाम्याची भाषा केली व ते नाव मागे घ्यावे लागले; वाचकांवर त्याचा काडीइतका परिणाम झाला नाही. तिच्यातील नायिका पंचविसाव्या वर्षी मरते. सूझन सोन्टाग या विदुषीने स्वतः कर्करोगातून उठल्यावर १९७८ साली आजार आणि उपमा यांविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तिने नेमके बोट ठेवले आहे: सीगलची नायिका पोटाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाने मरत नाही, रक्ताच्या कर्करोगाने मरते, कारण त्यात गाठ नाही, शरीर विद्रूप करणारी शस्त्रक्रिया नाही, तो क्षयासारखाच ‘शुभ्र’ मृत्यू आहे.

गंमत अशी की, ज्या सुमारास कादंबरीत रक्ताचा कर्करोग असाध्य ठरला, त्याच सुमारास तो रुग्णालयात साध्य होऊ लागला होता. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये अमिनोप्टेरिन नावाचे औषध देऊन काही मुलांचा आजार तात्पुरता आटोक्यात आणल्याचे प्रसिद्ध केले. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तिचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव; त्यांची भारतात व्हावी तेवढी आठवण होत नाही. मेम्फिस येथील डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस अनेक औषधे व किरणोपचार यांची जोड घालून या रोगाच्या मुलांतील मुख्य प्रकारातून जवळजवळ निम्मी मुले कायमची वाचविली. आज श्रीमंत देशांत त्या प्रकारातील दहांपैकी सुमारे नऊ मुले जगतात. कथालेखकांना ही बातमी फार उशिरा पोहोचली, किंवा पोहोचूनही त्यांनी ती मनावर घेतली नाही. निकोलस स्पार्क्स यांच्या १९९९ च्या ‘अ वॉक टू रिमेंबर’मध्येही पाद्र्याची सालस मुलगी याच आजाराने जाते, फक्त कथेचा काळ चतुराईने १९५८ च्या सुमारास ठेवलेला आहे.

प्रेमकथेला चालणारा आजार कसा असावा लागतो, हे यावरून उघड होते. तो झटपट मारणारा नसावा, कारण प्रेम जमावयास अवधी लागतो. फार रेंगाळणारा नसावा, कारण मग संसाराच्या कंटाळ्याचे वर्णन करावे लागेल. मन शेवटपर्यंत शाबूत राहावे, चेहरा पाहवेल असा राहावा, आणि दुर्गंध, जुलाब, पू यांचा संबंध येऊ नये. असा आजार निसर्गात जवळजवळ नाहीच. तो कादंबरीतच होतो.

जुन्या कथांत आणखी एक गोष्ट सारखी आढळते. रोगी बोलत नाही. त्याच्याविषयी निरोगी माणूस बोलतो. द्यूमाच्या कादंबरीत मार्गरीतची कहाणी तिचा प्रियकर सांगतो. सीगलच्या कादंबरीत ती नवरा सांगतो, आणि पत्नीला काय झाले आहे हे डॉक्टर तिला न सांगता आधी त्यालाच सांगतात. स्पार्क्सच्या कादंबरीतही निवेदक मुलगाच. मुलगी आजारी पडते ती त्याला शहाणे करण्यासाठी. ती मेल्यावर तो सुधारतो, आणि वाचकाला वाटते की मृत्यू वाया गेला नाही. या शाखेतील खरे असत्य येथे आहे. अश्रू ही त्या मानाने निरुपद्रवी गोष्ट होय.

गेल्या वीस वर्षांतील चांगल्या किशोर-कादंबऱ्यांनी प्रथम हा निवेदक बदलला. जेनी डाउनहॅम या इंग्लिश लेखिकेची ‘बिफोर आय डाय’ २००७ साली आली. तिच्यातील सोळा वर्षांची टेसा रक्ताच्या कर्करोगाने शेवटाला आलेली आहे आणि मरण्यापूर्वी काय काय करावयाचे याची तिने यादी केली आहे. यादीत चोरी आहे, गाडी हाकणे आहे, शरीरसुख आहे. पुण्यकर्म असे जवळजवळ काही नाही. ती बापावर खेकसते, मैत्रिणीचा हेवा करते. अखेरच्या पानांतील निवेदनही तिचेच आहे. शुद्ध हरपत जाते तशी वाक्ये तुटत जातात. जेसी अँड्रूज या अमेरिकन लेखकाने २०१२ मध्ये उलट वाट धरली. ‘मी अँड अर्ल अँड द डाइंग गर्ल’ या त्याच्या कादंबरीत निवेदक निरोगी मुलगाच आहे. पण त्याचे आजारी मुलीवर प्रेम बसत नाही, तिच्या मृत्यूने तो फारसा शहाणाही होत नाही, आणि तसे तो वाचकाला स्पष्ट बजावतो.

याच २०१२ च्या जानेवारीत जॉन ग्रीन यांची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ प्रसिद्ध झाली. या शाखेतील सर्वांत गाजलेले पुस्तक हेच. प्रकाशनापूर्वीच इतकी मागणी आली की, पहिल्या आवृत्तीच्या दीड लाख प्रतींवर लेखकाने हाताने सह्या केल्या. २०१४ साली निघालेल्या चित्रपटास सुमारे सव्वा कोट डॉलर खर्च आला व तीस कोटींहून अधिक उत्पन्न झाले. कथेत प्रेमी युगुल ज्या शहरी जाते त्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये, चित्रपटात दिसलेला कालव्याकाठचा बाक पाहावयास तरुणांची रीघ लागली, आणि एके दिवशी तो बाकच नाहीसा झाल्याचे आढळले. नगरपालिकेला तेथे नवा बाक बसवावा लागला.

ग्रीन यांनी हे पुस्तक लिहिण्यास घेतले ते दहा वर्षे अडून राहून. महाविद्यालयीन शिक्षण संपल्यावर धर्मोपदेशक व्हावे असा त्यांचा विचार होता, आणि त्यासाठी ओहायो राज्यातील कोलंबस येथील मुलांच्या रुग्णालयात त्यांनी काही महिने काम केले होते. मरणासन्न मुलांच्या आईबापांजवळ बसावयाचे, हे ते काम. धर्मोपदेशक होण्याचा विचार त्यांनी पुढे सोडला. रुग्णालयातील मुलांवर लिहिण्याचे प्रयत्न मात्र फसतच राहिले. नंतर एस्थर अर्ल या शाळकरी मुलीशी त्यांचा स्नेह जुळला. तिला कंठग्रंथीचा कर्करोग होता. २०१० च्या ऑगस्टमध्ये सोळाव्या वर्षी ती वारली. कादंबरी तिला अर्पण केलेली आहे. नायिका म्हणजे एस्थर नव्हे, हे ग्रीन यांनी वारंवार सांगितले आहे, आणि ते पटण्याजोगे आहे. पण आजारी मुलगी विनोदी, चिडखोर आणि हुशार असू शकते, हे त्यांना तिच्यामुळे कळले असावे. एस्थरचे स्वतःचे लेखन तिच्या आईवडिलांनी २०१४ मध्ये पुस्तकरूपाने छापले.

नायिका हेझल सोळा वर्षांची. कंठग्रंथीचा कर्करोग फुप्फुसांत उतरल्यामुळे ती प्राणवायूची नळी नाकाला लावून, त्याची टाकी चाकांवर ओढत चालते; औषधांनी तिचे गाल सुजले आहेत. ऑगस्टस सतरा वर्षांचा. हाडाच्या कर्करोगाने त्याचा एक पाय गेला आहे. त्यांचा मित्र आयझॅक डोळ्यांच्या कर्करोगाने आंधळा होतो, आणि आंधळा होणार म्हणून त्याची प्रेयसी त्याला सोडून जाते. इंडियानापोलिसमधील एका चर्चच्या तळघरात भरणाऱ्या रुग्णमंडळात ही मुले भेटतात व त्या मंडळाच्या गोड-गोड भाषेची टिंगल करतात. आजारी मुलांच्या इच्छा पुरविणारी एक संस्था असते. हेझलने आपली इच्छा तेराव्या वर्षी डिस्नेच्या करमणूक-नगरीवर खर्चून टाकलेली असते, आणि याबद्दल ऑगस्टस तिला मनसोक्त हसतो. असे तपशील दुसऱ्या कोणाला सुचले नव्हते.

एक तडजोड मात्र ग्रीन यांनाही करावी लागली. हेझलला जगविणारे औषध जगात नाही. ते त्यांनी कल्पिले आणि पुस्तकाच्या शेवटी तसे कबूल केले. प्रेमकथेला अवधी लागतो तो असा मिळवावा लागला. पण त्याची भरपाई त्यांनी ऑगस्टसच्या बाबतीत केली. मृत्यूवर सुंदर वाक्ये बोलणारा, न पेटविलेली सिगरेट ओठांत धरून मिरविणारा हा मुलगा शेवटी-शेवटी एका रात्री एकटाच गाडी घेऊन सिगारेटी आणावयास निघतो आणि पेट्रोलपंपावर अडकून पडतो. पोटाला लावलेल्या नळीचे तोंड चिघळलेले, अंगावर वांती, रडून भिजलेला चेहरा. हेझल रुग्णवाहिका बोलावते. ज्या मुलींनी ऑगस्टसची वाक्ये वहीत उतरवून घेतली असतील त्यांनाही हे पान ओलांडूनच पुढे जावे लागते. द्यूमाने आणि सीगलने जे झाकले ते येथे उघडे पडले आहे.

त्याहूनही मोलाचा भाग आईबापांचा आहे. हेझलला एका कादंबरीचे वेड असते. ती कादंबरी वाक्याच्या मध्येच तुटते, कारण तिची नायिका मेलेली असते. त्यानंतर नायिकेच्या आईचे काय झाले, हे विचारण्यासाठीच हेझल अ‍ॅमस्टरडॅमपर्यंत लेखकाकडे जाते. तो दारुडा लेखक उत्तर देत नाही. पुढे कळते की, त्याची स्वतःचीच मुलगी कर्करोगाने लहानपणी गेली होती. लेखकाला विचारलेला प्रश्न खरोखर हेझलला आपल्या आईला विचारावयाचा असतो. ती अगदी मरणाच्या दारात असताना, आपण आता कुणाची आई राहणार नाही, असे आई बोलल्याचे तिने ऐकलेले असते, आणि ते शल्य तिच्या मनातून गेलेले नसते. फार उशिरा तिला कळते की, आई चोरून समाजसेवेचा अभ्यास करीत आहे; पुढे अशाच मुलांच्या घरांना मदत करावी म्हणून. लेक दुखावेल या भीतीने तिने ते लपविले होते. लेकीला मात्र आनंदाने रडू फुटते. नायक-नायिकांच्या चुंबनांहून हे पृष्ठ अधिक टिकेल, असे वाटते.

आजार आणि औषध यांची शर्यत कथेला कशी मागे टाकते याचे ताजे उदाहरण ‘फाइव्ह फीट अपार्ट’ हे आहे. रेचल लिपिनकॉट यांची ही कादंबरी २०१८ च्या नोव्हेंबरात व चित्रपट २०१९ च्या मार्चमध्ये आला. स्टेला आणि विल या दोघांना सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात विकार आहे. त्यात फुप्फुसांत चिकट कफ साचत जातो. अशा दोन रोग्यांनी एकमेकांपासून सहा फूट दूर राहावे असा दंडक आहे, कारण एकाच्या फुप्फुसातील जंतू दुसऱ्याला प्राणघातक ठरतात. स्टेला त्यातील एक फूट चोरते आणि पाच फुटांची बिलियर्डची काठी मध्ये धरून दोघे हिंडतात. स्पर्शाची बंदी हा प्रेमकथेचा जुना प्राण. तो येथे जंतुशास्त्राने पुरविला. चित्रपटाच्या दिग्दर्शकाला सल्ला देणारी क्लेअर वाइनलँड ही रुग्ण तरुणी २०१८ च्या सप्टेंबरात, चित्रपट पाहण्यापूर्वीच, एकविसाव्या वर्षी गेली. आणि चित्रपट लागल्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, अमेरिकेत या विकारावर तीन घटकांचे असे औषध मान्य झाले की, तेथील दहांपैकी सुमारे नऊ रोग्यांना त्याचा उपयोग होऊ शकतो. स्टेला आज असती तर तिला दूरवरचे बेत आखावे लागले असते.

भारतात ही परंपरा पुस्तकापेक्षा पडद्यावरूनच अधिक आली. १९७८ च्या ‘अँखियों के झरोखों से’ या चित्रपटात महाविद्यालयीन नायिकेला रक्ताचा कर्करोग होतो. मराठी प्रेक्षकांच्या घरचा वाटावा असा सचिन तिचा नायक होता आणि रवींद्र जैन यांच्या चालींनी तो चित्रपट घरोघर गेला. ग्रीन यांच्या कादंबरीवरून २०२० च्या जुलैमध्ये ‘दिल बेचारा’ आला. इंडियानापोलिसचे जमशेदपूर झाले, अ‍ॅमस्टरडॅमचे पॅरिस. नायकाची भूमिका करणारा सुशांतसिंह राजपूत त्यापूर्वी सहा आठवडेच आधी वारला होता, त्यामुळे त्या चित्रपटाकडे चित्रपट म्हणून पाहणे कोणालाच शक्य झाले नाही.

या दोन्ही चित्रपटांत, आणि बव्हंशी अमेरिकन कादंबऱ्यांतही, एक पात्र गैरहजर असते: पैसा. मुंबईस परळला १९४१ साली उघडलेल्या टाटा रुग्णालयात बेळगाव, इंदूर, गोवे अशा चहूकडच्या गावांहून मुले येतात. त्यांच्या आईबापांपुढे पहिला प्रश्न उतरावयाचे कोठे हा असतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत ज्यांना जागा मिळते ते नशीबवान. कित्येकांना पदपथावर पथारी टाकावी लागते. उपचार सुरू होऊनही गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि घरी ठेवलेली दुसरी मुले यांच्या ओढीने काही कुटुंबे अर्ध्यावर परततात, आणि बरा होण्याजोगा आजार मग बरा होत नाही. त्या मुलांनाही सोळावे वर्ष असते, त्यांचेही कोणावर मन बसलेले असते. परंतु त्यांच्या मृत्यूला नियती म्हणणे हे सत्याला धरून होणार नाही.

ग्रीन यांच्या कादंबरीचे नाव शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकावरून घेतले आहे. तेथे कॅशियस ब्रूटसला समजावतो की, आपण दुसऱ्याचे मिंधे होऊन राहिलो याचा दोष ग्रहताऱ्यांकडे नाही, आपल्याकडेच आहे. ग्रीन यांनी ते नाव उलटे करून वापरले. हेझलला कर्करोग झाला यात तिचा अपराध काय? दोष नक्षत्रांचाच. दक्षाच्या शापाप्रमाणे रोग्याच्या वर्तनात कारण शोधण्याच्या जुन्या खोडीला हे चांगले उत्तर होते, आणि २०१२ साली ते लाखो मुलांना धीर देऊन गेले.

पुढे मात्र त्याच लेखकाला कॅशियसचे म्हणणे पुन्हा ऐकावे लागले. २०१९ साली ग्रीन आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशात गेले असता लाक्का येथील सरकारी क्षय-रुग्णालयात त्यांना हेन्री नावाचा मुलगा भेटला. तो त्यांना नऊ-दहा वर्षांचा, आपल्या मुलाएवढा वाटला, नावही तेच. वस्तुतः हेन्री सतरा वर्षांचा होता, ऑगस्टसच्या वयाचा. कुपोषण आणि क्षय यांनी त्याची वाढ खुंटविली होती, आणि त्याचा क्षय नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हता. त्याला लागणारी औषधे जगात होती. ती त्या रुग्णालयात नव्हती. कल्पित औषधाची येथे गरजच नव्हती.

ग्रीन यांनी क्षयावर वाचावयास सुरुवात केली ती त्यानंतर. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांचे ‘एव्हरीथिंग इज ट्यूबरक्युलोसिस’ हे पुस्तक आले. ती कादंबरी नाही. त्यात फिकट सुंदरीची एकोणिसाव्या शतकातील भ्रामक मोहिनी आहे आणि तिच्या शेजारी हेन्रीची हकीकत आहे. सत्तर वर्षांपूर्वी ज्याचा उपाय सापडला त्या रोगाने २०२३ या एका वर्षात जगात सुमारे साडेबारा लाख माणसे मेली. त्या वर्षी जगातील क्षयरोग्यांपैकी सव्वीस टक्के, म्हणजे चौथ्या भागाहून अधिक, भारतात होते. औषधे जेथे आहेत तेथे रोग नाही व रोग जेथे आहे तेथे औषधे नाहीत, हा ग्रीन यांचा निष्कर्ष. नक्षत्रांना त्यात स्थान नाही.

या हकिगतीचा एक धागा मुंबईस येऊन मिळतो. नंदिता व्यंकटेशन या पत्रकार तरुणीला महाविद्यालयीन वयात क्षयाने गाठले, एकदा नव्हे दोनदा, आणि दुसऱ्या वेळच्या टोचण्यांनी तिची श्रवणशक्ती गेली. दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा टिसिले हिचीही हीच कथा. या दोघींनी २०१९ साली भारतात एक अर्ज दाखल केला. हट्टी क्षयावर बेडाक्विलिन नावाच्या गोळ्या निघाल्या होत्या. त्यांनी कान जात नाहीत. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला त्या गोळ्यांवरील भारतातील एकाधिकार आणखी चार वर्षे वाढवून हवा होता, आणि तसा तो मिळू नये अशी या दोघींची हरकत होती. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने कंपनीची मागणी फेटाळली, आणि जुलैत मूळ मुदत संपताच भारतीय कारखान्यांना त्या गोळ्या करण्याची वाट मोकळी झाली. इतर देशांतील अशाच मुदतवाढीविरुद्ध त्याच जुलैत ग्रीन यांनी आपल्या तरुण वाचकांना हाक दिली. हेझल-ऑगस्टससाठी रडलेल्या वाचकांनी कंपनीवर पत्रांचा आणि संदेशांचा एवढा मारा केला की, काही दिवसांतच गरीब देशांसाठी स्वस्त गोळ्या पुरविण्याचा करार जाहीर झाला.

हेन्रीला औषधे मिळाली. तो बरा झाला, रुग्णालयातून घरी आईकडे गेला आणि पुढे विद्यापीठात शिकू लागला. तो कविता करतो.